कारेरे ते डॅनेव्हर्क: डेन्मार्कच्या एका पराभूत पंतप्रधानाच्या मागावर

न्यूझीलंडमधील वेलिंग्टनच्या ‘ते पापा’ या राष्ट्रीय संग्रहालयात वेळ ठरवून गेलेल्या अभ्यागतासमोर रेम्ब्रांटचे एखादे कोरीव चित्र ठेवले जाते, तेव्हा नजर आधी चित्रावर जाते. माझी मात्र नोंदीतील शेवटच्या ओळीवर गेली: ‘बिशप मोन्राड यांची भेट, १८६९’. भिंगाखाली कागदावरच्या बारीक आडव्यातिडव्या रेघा एकमेकींवर चढून काळोख कसा तयार करतात, हे पाहण्यात बराच वेळ गेला. पण आमच्या तीन दिवसांच्या प्रवासाचे मूळ त्या एका ओळीत होते. रेम्ब्रांट, ड्यूरर, व्हॅन डाइक यांची मुद्राचित्रे जंगल तोडून शेती करायला निघालेल्या माणसाच्या सामानात कशी आली, हे त्याच्या वाटेने जाऊन पाहावे, असे वेलिंग्टनला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीने आणि मी ठरवले.

डिटलेव्ह गॉथार्ड मोन्राड हे साधे स्थलांतरित नव्हते. १८४९ च्या डॅनिश राज्यघटनेच्या शिल्पकारांपैकी ते एक, पुढे लोलान-फाल्स्टरचे बिशप, आणि १८६३ च्या अखेरीस डेन्मार्कचे पंतप्रधान. त्यानंतर अवघ्या महिन्याभरात प्रशिया आणि ऑस्ट्रियाच्या फौजा स्लेसविग या डेन्मार्कच्या दक्षिणेकडील प्रांतात शिरल्या. दानेव्हिर्के ही शतकानुशतकांची मातीची तटबंदी डॅनिश मनात आपल्याकडच्या एखाद्या अजिंक्य गडासारखी बसलेली होती. ५ फेब्रुवारी १८६४ च्या रात्री सेनापती दे मेझा यांनी लढाई न देताच ती सोडली. लष्करी दृष्टीने निर्णय शहाणपणाचा होता, पण लोक खवळले आणि सेनापतींना पद गमवावे लागले. एप्रिलमध्ये ड्यूब्बोलचे ठाणे पडले, लंडनमधील वाटाघाटी फिसकटल्या आणि जुलैत राजाने मोन्राड यांना दूर केले. ऑक्टोबरच्या तहाने स्लेसविग, होल्स्टाइन आणि लाउएनबुर्ग गेले. राजाच्या अमलाखालील सुमारे एक तृतीयांश भूभाग हातचा गेला. तडजोडीची संधी दवडल्याचा ठपका मोन्राड यांच्यावर आला, आणि तो अगदीच निराधार होता असे मला वाटत नाही. पुढच्याच वर्षी, चोपन्नाव्या वर्षी, पत्नी एमिली, मुले आणि काही तरुण डॅनिश सोबती यांना घेऊन त्यांनी न्यूझीलंडची वाट धरली. त्या काळचे बहुतेक डॅनिश स्थलांतरित अमेरिकेला जात. मोन्राड यांनी त्याहूनही दूरचा देश निवडला.

१८६६ मध्ये हे कुटुंब पामर्स्टन नॉर्थजवळच्या कारेरे येथे स्थिरावले. वेलिंग्टनहून पामर्स्टन नॉर्थ सुमारे १४० किलोमीटर आहे आणि मोटारीने दोन तासांत पोहोचता येते. रेल्वेने जायचे असेल, तर माझी चूक टाळावी. या दोन शहरांना जोडणारी ‘कॅपिटल कनेक्शन’ ही गाडी नोकरदारांसाठी आहे. ती फक्त कामाच्या दिवशी, सकाळी वेलिंग्टनकडे येते आणि संध्याकाळी परत जाते. शनिवारी सकाळी मी फलाटावर उभा राहून वेळापत्रक पुन्हा वाचत होतो आणि बहीण काही न बोलता मोटारीची किल्ली शोधत होती. मोटारच घ्यावी हे खरे. वाहने आपल्याप्रमाणेच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात आणि महाराष्ट्रातील परवान्यावर मजकूर इंग्रजीत असल्यामुळे पर्यटकाला भाषांतराची भानगड उरत नाही.

कारेरे पाहण्याच्या अपेक्षेने जाल तर निराश व्हाल. लाँगबर्नच्या बाजूला कारेरे रस्ता आहे. दोन्ही अंगांना सपाट हिरवी कुरणे, तारेचे कुंपण आणि रस्त्याकडे बघत रवंथ करणाऱ्या गायी. ही सारी खासगी शेती आहे, कुंपण ओलांडू नये. तरीही तिथे दहा मिनिटे उभे राहावे, कारण ही कुरणे तेव्हा नव्हती. होते ते घनदाट जंगल. आणि कोपनहेगनच्या राजकारणात आयुष्य गेलेला हा माणूस मुलांसह तिथे झाडे पाडत होता आणि फावल्या वेळात वनस्पती गोळा करत होता. त्यांनी जमवलेले ते नमुने पुढे कोपनहेगनला पोहोचले.

पामर्स्टन नॉर्थच्या मध्यवर्ती चौकात, ज्याला माओरीत ते माराए ओ हिने म्हणतात, रांगिताने जमातीचे प्रमुख ते पीती ते आवे आवे यांचा पुतळा आहे. तो चुकवू नये, कारण वसाहतीची कथा अशा ठिकाणी अर्धीच सांगण्याची सवय सगळीकडे आहे. ज्या जमिनीवर हे शहर उभे आहे, ती ते आहू आ तुरांगा या मोठ्या खरेदीत रांगितानेंकडून सरकारकडे गेली ती १८६४ मध्ये, म्हणजे डेन्मार्कने स्लेसविग गमावले त्याच वर्षी. बहिणीच्या हे लक्षात आले तेव्हा आम्ही त्या पुतळ्यापाशीच बसून शिदोरीतल्या दशम्या खात होतो, आणि नंतर बराच वेळ दुसरा विषय निघाला नाही.

मोन्राड यांचा मुक्काम जेमतेम तीन वर्षांचा ठरला. १८६८ मध्ये पश्चिमेकडील तारानाकी भागात माओरी नेते तितोकोवारू यांनी वसाहतीविरुद्ध शस्त्र उचलले, त्याची धास्ती मानावातूपर्यंत, म्हणजे पामर्स्टन नॉर्थच्या परिसरापर्यंत पोहोचली आणि १८६९ मध्ये मोन्राड मायदेशी परतले. जाताना सुमारे ६०० मुद्राचित्रे वसाहतीच्या संग्रहालयाला देऊन गेले. तोच संग्रह आज ते पापाकडे आहे. डेन्मार्कमध्ये १८७१ पासून ते पुन्हा त्याच धर्मप्रांताचे बिशप झाले. व्हिगो आणि योहानेस या दोन मुलांनी मात्र न्यूझीलंडलाच आपले घर मानले.

मोन्राड परतले, पण त्यांनी पाडलेला पायंडा टिकाऊ निघाला. १८७० मध्ये वसाहतीचे अर्थमंत्री ज्युलियस व्होगेल यांनी कर्ज काढून रस्ते, रेल्वे आणि स्थलांतर यांची सरकारी योजना आखली, तेव्हा जंगलात राबणारी माणसे स्कँडिनेव्हियातून आणावीत असे ठरले. पहिले लोक १८७१ मध्ये पामर्स्टन नॉर्थला आले. १५ सप्टेंबर १८७२ रोजी ‘होव्हडिंग’ आणि ‘बॅलराट’ ही जहाजे नेपियरला लागली. त्यांतल्या कुटुंबांना ‘सेव्हन्टी माइल बुश’ या सत्तर मैल पसरलेल्या रानात नेण्यात आले. प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला एकरी एक पौंड दराने ४० एकर जमीन होती; पैसे हप्त्याने फेडायचे आणि तोवर रस्ता बांधण्याच्या मजुरीवर घर चालवायचे. हाती आले ते उभे जंगल. त्यात आधी झोपडीपुरती जागा मोकळी करायची होती. अशा रीतीने ऑक्टोबर १८७२ मध्ये दोन गावे वसली: नॉर्सवूड आणि डॅनेव्हर्क.

डॅनेव्हर्क हे नाव दानेव्हिर्के तटबंदीचेच आहे. तट सोडून अवघी आठ वर्षे झाली होती. ज्यांनी त्या पराभवाची झळ सोसली, त्यांच्यातल्याच काहींनी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला तेच नाव रोवले. मला हा त्या हट्टी आठवणीचा पुरावा वाटतो. आता मात्र गावाच्या वेशीवर शिरस्त्राण घातलेला व्हायकिंग उभा आहे आणि १८६४ ची गोष्ट त्याच्या शिंगांआड लपून जाते. खऱ्या व्हायकिंगांच्या शिरस्त्राणांना शिंगे नव्हती, हे सांगायचा मोह मी तिथे आवरला.

पामर्स्टन नॉर्थहून डॅनेव्हर्क सुमारे ५५ किलोमीटर आहे. जुन्या प्रवासवर्णनांत मानावातू घळीच्या रस्त्याची तारीफ आढळते, पण दरडींमुळे तो २०१७ मध्ये कायमचा बंद झाला. डोंगरावरून जाणारा नवा महामार्ग २०२५ मध्ये सुरू झाला आहे. जुन्या नकाशावर विसंबू नये. वर वारा भन्नाट असतो आणि पवनचक्क्यांच्या रांगेजवळून जाताना हलकी मोटार चांगलीच डगमगते.

गावात कोपनहेगन चौकातली लाकडी पवनचक्की पाहायला पाच मिनिटे पुरतात. जुन्या न्यायालयाच्या इमारतीतील इतिहासदालनाला मात्र निवांत दोन तास द्यावेत. अशी दालने स्वयंसेवकांच्या सवडीने चालतात, म्हणून आदल्या दिवशी फोन करावा. डॅनेव्हर्कला एकेकाळी ‘स्लीपरांचे गाव’ म्हणत. इथल्या तोतारा वृक्षांचे लाकूड तांबूस आणि कुजायला नाखूश; नेपियर-वेलिंग्टन लोहमार्गाचे स्लीपर त्यातून निघाले. शेतकरी व्हायला आलेले लोक आधी लाकूडतोडे झाले आणि रान संपल्यावर गवळी. जुन्या दफनभूमीत ‘-सेन’ने संपणारी आडनावे वाचत फिरताना हा क्रम मनात ठेवावा.

आणखी सुमारे २० किलोमीटरवर नॉर्सवूड आहे, ते मुख्यतः नॉर्वेकरांचे. १८८८ च्या वणव्यात या गावाचा बराच भाग जळला. रान जाळून शेती करण्याची ती किंमत होती. नॉर्वे सरकारने १९७२ मध्ये शताब्दीनिमित्त दिलेली लाकडी होडी इथे जपलेली आहे. लोकरीचे मोजे घ्यायचे असतील तर इथेच घ्यावेत. आम्ही घेतले आणि त्याच रात्री त्यांची गरज पडली.

काही व्यवहाराच्या गोष्टी. ते पापामध्ये परदेशी पर्यटकांना ३५ डॉलर प्रवेशशुल्क आहे. कागद उजेडाने फिका पडतो म्हणून मुद्राचित्रे कायम मांडलेली नसतात. पाहायची असतील तर काही आठवडे आधी पत्र पाठवावे, नाहीतर संग्रहालयाच्या संकेतस्थळावर पाहावीत. विमानतळावर लाडू, चिवडा, लोणचे, जे असेल ते अर्जात नोंदवावे. लपवल्यास ४०० डॉलर दंड जागच्या जागी होतो. लहान गावांत रात्री आठनंतर जेवण मिळण्याची आशा धरू नये. आमच्या मुक्कामाच्या ठिकाणी शाकाहारी म्हणून तळलेल्या बटाट्यांची बशी पुढे आली. दशम्या दुपारीच संपल्याचे तेव्हा फार वाईट वाटले.

पुन्हा जाईन तेव्हा हा प्रवास उलट्या दिशेने करीन: नेपियरच्या बंदरावरून निघून, जहाजांतून उतरलेली कुटुंबे गेली त्याच बाजूने नॉर्सवूड, मग डॅनेव्हर्क, कारेरे, आणि सर्वांत शेवटी वेलिंग्टनला ती चित्रे. हे अंतर मोटारीने एका दिवसात होते, पण दोन रात्री हाताशी ठेवाव्यात आणि त्यांतली एक डॅनेव्हर्कला काढावी.