लाकडाचं सोंग

फोटोला संगणकावर लाकडी चौकट घालणं हा तसा रिकामा उद्योग. तिथे ना भिंत, ना खिळा. तरीही एकदा लाकडाचं टेक्स्चर, म्हणजे लाकडाच्या पृष्ठभागाचं चित्र, हाती लागलं की माणूस तासन्‌तास त्यातच रमतो आणि आतला फोटो राहतो बाजूला.

चौकट खोटी दिसली की आधी रंगावर संशय जातो. लाल जरा कमी कर, पिवळा जरा वाढव, असा खेळ सुरू होतो. पण रंगाच्या बाबतीत डोळा उदार असतो. काळपट, पिवळं, तांबूस, कसलंही लाकूड त्याला चालतं. तो अडतो लाकडातल्या रेषांच्या दिशेपाशी. एकच टेक्स्चर सगळ्या चौकटीवर ओतलं की चारही बाजूंनी रेषा आडव्याच धावतात. अखंड फळीचा मधला भाग कापून टाकल्यासारखं ते ध्यान दिसतं. एवढं लाकूड वाया घालवणारा सुतार कुठे भेटायचा? तो चार पट्ट्या घेतो, टोकं ४५ अंशांत कापतो आणि जोडतो. रेषा पट्टीच्या लांबीने जातात आणि कोपऱ्यातल्या तिरक्या सांध्यावर काटकोनात भेटतात. तो सांधा, त्यात केसभर काळी रेघ, एवढं जमलं की निम्मी चौकट खरी झाली. झाड खोटं असलं तरी करवत खरी वाटते.

मग मोह होतो तो एकच पट्टी फिरवून चारदा वापरायचा. तिथे गाठ चुगली करते, कारण तीच गाठ चारही बाजूंना तेवढ्याच अंतरावर हजर असते. त्याहून वाईट म्हणजे कडेची चकाकीही पट्टीबरोबर फिरते आणि उजेड चारही दिशांनी आल्यासारखा दिसतो. म्हणून आधी पट्टी फिरवायची, उजेड नंतर, आणि तोही एकाच बाजूने. रेषांची जाडीही सांभाळावी लागते. रुंद फळीवरच्या रेषांच्या मोठ्या कमानी अरुंद पट्टीवर आल्या की अख्खी चौकट काडेपेटीएवढी वाटू लागते.

या सगळ्यावर एक सुंदर तोडगा फार आधीच निघाला होता. संगणकशास्त्रज्ञ केन पर्लिन यांनी १९८५ साली मांडलेल्या पद्धतीत लाकडाचं चित्र चिकटवायचंच नाही, गणितातून अख्खा ओंडकाच उभा करायचा. एकात एक नळकांडी म्हणजे वाढीची वलयं, त्यांना थोडी अनियमित हलवाहलव द्यायची, आणि मग हवी तिथून पट्टी कापायची. प्रत्येक पट्टी वेगळी, कापलेल्या टोकाशी वलयंही आपोआप जुळलेली. त्यांच्या या कामाला १९९७ साली ऑस्करचा तांत्रिक पुरस्कारही मिळाला.

दुकानात मिळणाऱ्या कित्येक ‘लाकडी’ फ्रेम मात्र प्लास्टिकच्या पट्टीवर लाकडाची छपाई केलेल्या असतात. आपण पडद्यावर निगुतीने खोडत बसतो ती गाठ तिथे ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येते, आणि कुणाची काही तक्रार नसते.