वजनकाट्यावर ठरलेला क्लास : दुसऱ्या हंगामाची नोंद

गिअरवाली कार्ट, म्हणजे शर्यतीची छोटी उघडी गाडी, गेली एकदाची. मागच्या नोंदीत विकायला काढल्याचं लिहिलं होतं, तर तीन महिने गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली पडून राहून शेवटी गिऱ्हाईक मिळालं. क्लास (शर्यतीचा गट) केझेड-टू : १२५ सीसी, सहा गिअर, पुढच्या चाकांनाही ब्रेक. वर्षभरात मी तिच्यावर मोजून अकरा तास बसलो आणि तेवढ्यात दोन पिस्टन बदलले. त्यात इंजिनाचा दोष काही नाही. चार-पाच तासांनी पिस्टन ही या क्लासची रीतच आहे, आणि ती मला घेण्याआधी माहीत होती. माहीत असणं आणि खिशातून जाणं यात फरक असतो, एवढंच.

पैशापेक्षा जास्त छळलं ते मानेनं आणि हातानं. उजवा हात गिअरच्या दांड्यावर जातो तेव्हा स्टिअरिंग एकट्या डाव्या हातात राहतं. पाचव्या लॅपला माझा डावा हात कोपरापासून खाली दगड झालेला असायचा. फॉर्म्युला वनवाला मॅक्स व्हर्स्टॅपन २०१३ साली याच प्रकारच्या कार्टवर जगज्जेता झाला तेव्हा पंधरा वर्षांचा होता. मी त्रेचाळीस वर्षांचा आहे आणि दिवसभर खुर्चीत बसतो. सरळ रस्त्यावरचा वेग बघून क्लास निवडला, पण वेळ जात होता वळणात.

या वेळी उलटीकडून सुरुवात केली. आधी काटा.

हेल्मेट, सूट, बूट, बरगड्यांचं कवच सगळं घालून मी ९१ किलो भरलो. क्लच आणि इलेक्ट्रिक स्टार्टरवालं १२५ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन असलेली कार्ट रिकामी ८० च्या आसपास भरते. म्हणजे १७१. सीनियर क्लासला ड्रायव्हरसकट किमान वजन आमच्या नियमपुस्तकात १६०. म्हणजे शर्यत सुरू होण्याआधीच मी ११ किलो जास्तीचे घेऊन पळणार. याचा नेमका तोटा किती, ते बघायला मित्राच्या कार्टला, तो हलका आहे म्हणून, १० किलो शिसं बोल्टनं लावून त्यालाच फिरवलं. त्याच टायरवर, त्याच दुपारी, ५२ सेकंदांच्या लॅपमध्ये सव्वातीन दशांश सेकंद गेले. इतके तर मी सहा महिने सराव करूनही काढू शकलो नव्हतो. मास्टर्स या मोठ्या वयाच्या ड्रायव्हरांच्या क्लासचं किमान वजन जास्त असतं, तिथे माझं ओझं नियमातच बसतं. वय बसतंय म्हणून नाही, वजन बसतंय म्हणून मास्टर्स. इंजिन रोटॅक्स कंपनीचं सीलबंद घेतलं. ते अधिकृत सेवाकेंद्राशिवाय उघडता येत नाही आणि साधारण ५० तासांनी सर्व्हिसला जातं. हाताने पॉलिश करून गुपचूप अर्धी हॉर्सपॉवर काढणाऱ्यांना ते आवडत नाही. मला त्याचसाठी आवडलं.

आता लेकीची गोष्ट. ती दहा वर्षांची, पूर्ण जामानिमा करून ३५ किलो. तिला मोठ्या चॅसीत (कार्टच्या सांगाड्यात) बसवून सीट पुढे सरकवायची आणि पेडलला लांबी जोडायची, ही युक्ती मला दोघांनी सुचवली. 'पुढच्या वर्षी परत खर्च नको.' ऐकायला बरं वाटतं. पण कार्टला डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नसतं, मागची दोन्ही चाकं एकाच एक्सलवर सारखी फिरतात. वळायचं तर आतलं मागचं चाक क्षणभर जमिनीवरून उचललं गेलं पाहिजे, आणि ते उचलतं पुढच्या चाकांच्या कलण्यामुळे, ड्रायव्हरच्या वजनामुळे आणि नळ्यांच्या चॅसीला येणाऱ्या पिळामुळे. सस्पेन्शन म्हणून जे काय आहे ते हा पीळच. मोठ्या चॅसीच्या ३० किंवा ३२ मिलिमीटरच्या नळ्या ३५ किलोंच्या पोरीला काय दाद देणार? चाक उचलत नाही, कार्ट सरळ घसरत जाते, आणि पोर समजते की आपल्याला वळवता येत नाही. एका रविवारी उधारीच्या कार्टवर हे डोळ्यांनी बघितलं. ती उतरली आणि म्हणाली, "बाबा, ती माझं ऐकतच नाही." विषय संपला. ९५० मिलिमीटर व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) लहान चॅसी घेतली.

इंजिनाला दोन वाटा होत्या. हवेवर थंड होणारं ६० सीसीचं टू-स्ट्रोक, जे या वयाच्या गंभीर स्पर्धकांकडे असतं, किंवा ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं सीलबंद फोर-स्ट्रोक एलओ २०६. साठ सीसीचा आवाज ऐकला की कुणाचंही मन जातं तिकडे. पण ते कार्ब्युरेटरचे जेट, हवेचा दाब, स्पार्क प्लगचा रंग यांच्या मागे फिरवतं, आणि ते फिरणं तिचं नसतं, बापाचं असतं. दोनशेसहा पुरं मोकळं असताना पावणेनऊ हॉर्सपॉवरच्या आसपास देतं, मुलांसाठी कार्ब्युरेटरमध्ये वेगळी स्लाइड (हवा कमी-जास्त सोडणारी सरकती पट्टी) टाकून त्याची ताकद आवळतात. मूल मोठं झालं की स्लाइड बदलायची, इंजिन तेच. ताकद कमी असल्यामुळे वळणात जरा घसरलात तरी गेलेला वेग पुढच्या अर्ध्या सरळ रस्त्यावर परत येत नाही, त्यामुळे नीट रेषा पकडणं आपोआप शिकतात. मी जे गिअरवाल्या कार्टवर शिकायला हवं होतं ते ती तिथे शिकते आहे. माझं काम दिवसाखेर ऑइल बदलायचं आणि चेनला वंगण द्यायचं.

क्लासच्या किमान वजनाला ती कमी पडते म्हणून तिच्या सीटला आठ किलो शिसं आहे. मोठे वॉशर, डबल नट, तरी दर फेरीला हात लावून बघते तीच. शिसं कुठे लावायचं हे आपल्या हातात असतं, म्हणून हलका ड्रायव्हर फायद्यात, असं म्हणतात. आठ किलोपर्यंत खरं आहे. पंधरा-वीस लावायची वेळ आली तर सीटला तडे जातात, तेव्हा पोर अजून खालच्याच क्लासात हवं.

भाच्याचं प्रकरण मात्र अडलं आहे. वय चौदा, उंची माझ्याएवढी, कपड्यांसकट ६८ किलो. वयानं ज्युनियर. त्या इंजिनाला एग्झॉस्टचा पॉवर व्हॉल्व्ह (ताकद वाढवणारी झडप) नसतो, ताकद सीनियरपेक्षा चांगलीच कमी, आणि किमान वजन १४५. आज तो १४६ भरतो. हंगाम संपेपर्यंत कितीचा होईल ते त्याच्या ताटाकडे बघून सांगता येतं. ताईला म्हटलं, आत्ता काही घेऊच नका. वर्षभर भाड्याच्या कार्टच्या लीगमध्ये पळू दे. तिथे कार्ट चिठ्ठीनं मिळते, खराब निघाली तर निघाली, पण ओव्हरटेक करायला आणि धक्का न देता शेजारी टिकायला त्याहून स्वस्त शाळा नाही. सीनियरचं वय झालं की बघू. तो माझ्याशी दोन दिवस बोलला नाही.

खर्चाची वही आता तासावर ठेवतो. कार्ट कितीला घेतली ते पहिल्या पानावर एकदाच. बाकी प्रत्येक दिवसाचे टायर, पेट्रोल, ऑइल, चेन, प्रवेश फी आणि इंजिन सर्व्हिसचा वाटा एकत्र करून ट्रॅकवरच्या तासांनी भागायचं. माझ्या रोटॅक्सच्या तासाच्या खर्चात दोन तासांहून जास्त लेकीचे निघतात. गिअरवालीच्या एका तासात माझे आताचे जवळजवळ तीन. यात सगळ्यात फुगलेला आकडा इंजिनाचा नाही, टायरचा आहे. क्लास निवडताना नियमपुस्तकात दोनच ओळी आधी वाचा : टायर कुठला कडक-मऊ आणि एका शर्यतीला किती सेट चालतात.

आणि ग्रिड, म्हणजे त्या क्लासात उभ्या राहणाऱ्या गाड्या, मोजा. स्वस्त म्हणून शंभर सीसीचा हवेवरचा क्लास मला फार भुलवत होता. इंजिन साधं, आवाज खणखणीत. पण आमच्याकडे त्यात चारच जण, त्यातला एक नेहमी आजारी.

या महिन्यातलं काम : माझ्या कार्टला मागच्या स्प्रॉकेटचा (चेनच्या दातेरी चक्राचा) एक दात वाढवून बघायचा, शेवटच्या वळणातून बाहेर पडताना ती झोपते. लेकीच्या गुडघ्यात आणि स्टिअरिंगमध्ये जानेवारीत चार बोटं जागा होती, काल मोजली तर अडीच.