गाडी स्टँडवरून काढताना

निवृत्त होऊन दोन महिने झाले तेव्हा माझ्यापाशी रॉयल एनफिल्डच्या मीटिओर ३५० या क्रूझरचे, म्हणजे पाय पुढे ठेवून बसायच्या बुटक्या बैठकीच्या मोटारसायकलचे, माहितीपत्रक, परदेशी मुलाकडे निघालेल्या एका स्नेह्यांनी देऊ केलेली जुनी पण निगुतीने ठेवलेली होंडा गोल्ड विंग ही लांब पल्ल्याची अवजड मोटारसायकल आणि भरपूर मोकळा वेळ, एवढा ऐवज जमा झाला होता. चौतीस वर्षे मुलुंडहून फोर्टला लोकलने उभ्याने गेल्यावर उरलेला प्रवास तरी बसून, आणि तोही स्वतःच्या हातात हँडल धरून करावा, ही इच्छा फारशी अवाजवी नव्हती. अडचण एवढीच होती की एकीवर बसलो की दुसरी आठवायची. आमच्या सोसायटीत मात्र या प्रश्नाला किंमत नव्हती, कारण दीडशे सीसीच्या वरची प्रत्येक गाडी तिथे ‘बुलेट’ असते आणि दोन बुलेटींत निवड कसली करायची, हे कोणालाच कळत नव्हते.

वास्तविक दोघींत साम्य शोधावे लागेल. मीटिओरचे इंजिन ३४९ सीसीचे, एका सिलिंडरचे, ताकद सुमारे २० अश्वशक्तीची. बैठक जमिनीपासून ७६५ मिलिमीटरवर, म्हणजे माझ्यासारख्या मध्यम उंचीच्या माणसाचे दोन्ही तळवे सपाट टेकतील इतकी खाली. आणि वजन १९१ किलो. गोल्ड विंग हे नाव १९७५ साली चार सिलिंडर घेऊन बाजारात आले, १९८८मध्ये त्यांचे सहा झाले, आणि आजच्या टूर प्रकारात ते सहा सिलिंडर १८३३ सीसीचे, तिघे या बाजूला नि तिघे त्या बाजूला आडवे निजलेले आहेत. मागे सामानाची पेटी, दोन बाजूंना दोन पेट्या, पुढे वर-खाली सरकणारी काच, मागच्या माणसाला पाठ आणि हात टेकायची सोय, एवढा संसार घेऊन ती सुमारे ३९० किलोंची होते. दोघींच्या वजनातल्या फरकात दुसरी मीटिओर आरामात बसते. गाडीला रिव्हर्सची सोय दिलेली आहे, ही गोष्ट मी पत्नीला कौतुकाने सांगितली, तेव्हा ती म्हणाली, “अहो, मागे ढकलता येत नाही म्हणूनच दिली असणार ना?”

मी तेव्हा हसण्यावारी नेले, पण नंतर विचार करताना लक्षात आले की सगळा प्रश्न त्या एका वाक्यात होता. मोटारसायकलचे वजन काट्यावर एक असते आणि हाताला वेगळे. गाडी सरळ उभी आहे तोवर तिचा सगळा भार दोन टायरांवर असतो आणि आपण फक्त तोल सांभाळतो. ती चालू लागली की उरलेसुरले ओझेही नाहीसे होते. पण उभी गाडी कलू लागली की हिशेब सुरू होतो. गुरुत्वमध्य हँडलच्या निम्म्या उंचीवर धरला, तर दहा अंश कललेली ३९० किलोंची गाडी हाताला सुमारे ३४ किलोंनी ओढते आणि १९१ किलोंची सुमारे १७ किलोंनी. वीस अंशांना हे आकडे जवळजवळ दुप्पट होतात. सतरा किलो म्हणजे भरलेली प्रवासी बॅग, ती आजही उचलतो. वीस अंशांवर ओढणारे ६७ किलो म्हणजे एक आख्खा माणूस, आणि तो कधी अंगावर येणार हे आधी कळवत नाही.

तरीही स्नेह्यांचा आग्रह होता की गोल्ड विंग एकदा लांब नेऊन बघा. एका रविवारी पहाटे साडेपाचला मी आणि पत्नी मुलुंडहून निघालो, ठाणे ओलांडून नाशिकच्या रस्त्याला लागलो, आणि भिवंडीचा बाह्यवळण रस्ता मागे पडल्यावर मी या गाडीविषयी आजवर जे काही उणे बोललो होतो ते सगळे मनातल्या मनात परत घेतले. काच अशी काही बेताने उभी होती की छातीवर वाऱ्याचा दाब नव्हता आणि हेल्मेटमध्ये नेहमी घुमणारा तो कंटाळवाणा आवाजही नव्हता. खाली इंजिन चालले आहे हे ऐकू येण्यापेक्षा जाणवत होते, शिवणयंत्रावर हात ठेवल्यावर जाणवते तसे. शहापूरच्या पुढे उजाडले; आसनगावापासून दिसू लागलेला माहुलीचा किल्ला धुक्यातून सुळक्यांसकट वर आला, आणि एरवी अर्ध्या तासाने माझ्या खांद्यावर बोटांनी टकटक करणारी पत्नी कसारा घाट येईपर्यंत एकदाही हलली नाही. घाटाच्या पायथ्याशी चहाला थांबलो तेव्हा ती उतरलीच नाही. “इथेच आणा,” ती म्हणाली, “आपल्या बैठकीच्या खोलीतल्या खुर्चीपेक्षा बरी आहे.” तिच्या बाजूने पाहिले तर निकाल तिथेच लागला होता, कारण क्रूझरवर मागच्या माणसाची बैठक पोळपाटाएवढी असते आणि तीवर बसून केलेला प्रवास हा पतीवरच्या प्रेमाचा पुरावा असतो, आरामाचा नव्हे.

पण परतताना साडेनऊ वाजले आणि ठाण्याच्या अलीकडे रस्ता तुंबला. दोन ट्रकांमधल्या फटीतून शेजारची स्कूटर, तिच्यामागे पाव पोहोचवणारी सायकल, असे सगळे पुढे निघून गेले आणि आम्ही दोन बाजूंच्या पेट्यांसह, मोटारीच्या रांगेत मोटारीसारखे उभे राहिलो. फरक एवढाच की मोटारीतल्या माणसाला वातानुकूलन होते आणि आमच्या पोटऱ्यांना सहा सिलिंडरांची ऊब. मेट्रोच्या कामासाठी रस्त्यावर टाकलेल्या लोखंडी पत्र्यावर, पेव्हर ब्लॉक खचलेल्या जागी, जिथे जिथे पाय टेकायचा होता तिथे तिथे तो कुठे टेकायचा हे मी आधी ठरवू लागलो. सोसायटीच्या दारात अध्यक्षांनी हौसेने बांधून घेतलेला गतिरोधक आहे. गोल्ड विंगचे पोट जमिनीपासून १३० मिलिमीटरवर आणि मीटिओरचे १७० मिलिमीटरवर आहे हे मी माहितीपत्रकात वाचले होते; त्या चार सेंटिमीटरांचा अर्थ खालून आलेल्या खर्रऽऽ अशा आवाजाने समजावला. त्यापुढे पार्किंगचा उतार, उताराच्या शेवटी गटाराची जाळी, जाळीच्या डावीकडे आमच्या जागेचा खांब. पत्नीला आधी उतरवून मी गाडी रिव्हर्समध्ये टाकली आणि ती पायी चालण्याच्या वेगाने मागे जात असताना वॉचमन दोन्ही हात पसरून मागे उभा राहिला. ती कलली असती तर त्याने ती धरली नसती, तिने त्याला धरले असते. दीडशे किलोमीटरांत न आलेला घाम मला त्या बारा फुटांत आला.

आणखी एक गोष्ट मुंबईकरालाच कळेल. ही गाडी ज्या रस्त्यांसाठी जन्मली, म्हणजे रुंद, सलग, सिग्नल नसलेले रस्ते, ते आपल्याकडे आता आहेत. पण वांद्रे-वरळी सागरी सेतूवर दुचाकीला बंदी, किनारी रस्त्यावर बंदी, २०२४मध्ये खुल्या झालेल्या जवळपास २२ किलोमीटरांच्या अटल सेतूवर बंदी आणि पुण्याच्या द्रुतगती मार्गावरही बंदी. आठशे सीसीची जुनी मोटार या सगळ्यांवरून ऐटीत जाते आणि १८३३ सीसीच्या गाडीला अडवले जाते, कारण नियम इंजिन पाहत नाही, चाके मोजतो. मला ही बंदी सर्वस्वी चूक वाटत नाही, सेतूवरचा आडवा वारा हलक्या स्कूटरचे काय करील हे मी समजू शकतो. पण त्यामुळे माझ्या हिशेबातला एक मोठा आकडा गळाला. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी ८०च्या जागी १२०ने गेले तर तो सव्वादोनपट होतो, आणि त्या भल्या मोठ्या काचेची खरी कमाई तिथे आहे. ज्याला जन्मभर ऐंशीच्या आतच चालायचे आहे, त्याने एवढ्या काचेचे पैसे आणि वजन कशासाठी वाहायचे?

मग मला उरतो तो कोकणचा किनारा, आणि त्या वाटेवर जंगल जेट्टी, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या बोटी, येतात. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेसवी, दाभोळहून धोपावे; खाडी आली की गाडी बोटीत चढवायची. ओहोटीला धक्क्याचा उतार शेवाळाने हिरवा होतो, बोटीची लोखंडी फळी त्यावर कर्र करीत टेकते, आणि तेवढ्यावरून पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकला हात न लावता आत शिरावे लागते. आत गेल्यावर खलाशी मोटारींना जागा करण्यासाठी दुचाकी कठड्याला सारतो. माझी जुनी दीडशे सीसीची गाडी अशा वेळी दोघे खलाशी मागचे चाक उचलून, मला न विचारता, हातभर सरकवत असत. गेल्या वर्षी धोपाव्याला त्यांनी एका अवजड गाडीला तसाच हात घातला, ती तसूभर हलली नाही, आणि त्यातला वयस्क खलाशी मालकाला म्हणाला, “दादा, ही तुमीच हलवा, आमच्या बापाच्यानं नाय व्हायची.” मालक बिचारा तिशीतला होता. मी साठीला टेकलो आहे.

क्रूझरही काही निर्दोष नाही, आणि तिच्या प्रेमात पडलेले लोक हे सांगत नाहीत. पाय पुढे ताणून बसण्याची ती ऐटदार ढब छायाचित्रात शोभते, पण पाय पुढे असल्यामुळे खड्डा आला तरी पायांवर भार घेऊन अंग उचलता येत नाही, आणि तो धक्का सरळ माकडहाडातून वर मानेपर्यंत जातो. पावसाळ्यानंतरच्या मुंबईत ही लहान बाब नव्हे. मीटिओरची पायटेकणी तशी फार पुढे नाही, एवढे समाधान. बाकी २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंतच्या नव्या गाडीवर जीएसटी १८ टक्के आणि त्यावरच्या गाडीवर ४० टक्के झाला आहे, हेही मी घरी मोठ्या गंभीरपणे मांडले. जुन्या गोल्ड विंगशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, पण एव्हाना मन ठरले होते आणि मला फक्त कारणे हवी होती.

स्नेह्यांना नकार कळवला तेव्हा ते एवढेच म्हणाले, “दहा वर्षांपूर्वी विचारायला हवे होते मी तुम्हाला.” ते शब्द दोन दिवस मनात राहिले. तिसऱ्या दिवशी आम्ही शोरूममध्ये गेलो. मी मीटिओरचा स्टँड काढला, गाडी मुद्दाम थोडी कलती केली, सावरली, पुन्हा कलती केली; विक्रेता मुलगा काळजीने जवळ आला. पत्नीने मागच्या बैठकीवर बसून पाहिले, हाताने तिची रुंदी मोजली आणि विक्रेत्याला विचारले की पाठ टेकायला काही बसवून मिळते का. मिळते, तो म्हणाला. मग ती माझ्याकडे वळली. “दर पन्नास किलोमीटरला चहा,” ती म्हणाली, “आणि उतरून, पाय मोकळे करून. बसल्या जागी नाही.” मी मनाशी हिशेब केला. म्हणजे कोकणात निघालो तर पहिला थांबा कर्नाळ्याच्या पुढे, पेणच्या अलीकडेच कुठेतरी पडणार होता.