‘कोणती’ आवडली, आणि किती महिन्यांची

वर्ष सरत आले की ओळखीची माणसे मला एक प्रश्न हमखास विचारतात: यंदा तुम्हाला सर्वांत जास्त आवडलेली बिअर कोणती? मी चाखलेल्या प्रत्येक बिअरची नोंद वहीत करतो, बाटलीवरची तारीखही उतरवून ठेवतो, हे त्यांना ठाऊक असते. त्यामुळे माझ्याकडे उत्तर तयारच असणार, अशी त्यांची समजूत असते. मी मात्र दर वेळी अडखळतो. यंदा वही पुन्हा चाळली तेव्हा त्यामागचे कारण ध्यानात आले. एकाच बिअरपुढे कुठे मनापासूनची दाद आहे, तर दोन पाने उलटल्यावर त्याच बिअरपुढे ‘पुन्हा नको’ असा शेरा आहे, आणि या दोन शेऱ्यांमध्ये बदलले आहे ते फक्त बिअरचे वय. तुमच्या प्रश्नात ‘कोणती’ असते, ‘किती महिन्यांची’ हे नसते, आणि माझे उत्तर बरेचसे त्या दुसऱ्या गोष्टीवर अवलंबून आहे.

तरीही एकच नाव घ्या म्हणालात, तर ऑर्व्हालचे घेईन. बेल्जियमच्या दक्षिण टोकाला ऑर्व्हाल नावाचा ख्रिस्ती मठ आहे. मठाच्या पुनर्बांधणीला पैसा मिळावा म्हणून १९३१ मध्ये तिथे ब्रुअरी सुरू झाली, आणि बाजारात येणारी तिची बिअर आजही एकच आहे. लेबलवर तोंडात सोन्याची अंगठी धरलेला ट्राउट मासा असतो. तस्कनीच्या मॅटिल्डा या सरदारीणबाईंची अंगठी तिथल्या झऱ्यात पडली आणि माशाने ती वर आणून दिली, अशी आख्यायिका आहे. मला मात्र माशापेक्षा त्याच लेबलवरच्या बारीक अक्षरांत अधिक रस असतो, कारण बिअर बाटलीत कोणत्या दिवशी भरली ते तिथे छापलेले असते. बहुतेक ब्रुअऱ्या केवळ ‘अमुक तारखेपूर्वी प्यावी’ एवढेच सांगतात, आणि तेवढ्यावरून बाटलीचे वय कळत नाही.

वयाला एवढे महत्त्व का, तर ही बिअर बाटलीतही बदलत राहते. बिअर आंबवणारे नेहमीचे यीस्ट आपले काम उरकते, मग हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुले, थंड बिअरमध्ये मुरत ठेवतात, आणि बाटली भरताना त्यात ब्रेटॅनोमायसिस नावाचे दुसरे यीस्ट घालतात. नील्स येल्टे क्लाउसेन यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत १९०४ मध्ये इंग्लिश बिअरवर काम करताना या यीस्टला ते नाव दिले, आणि त्याचा अर्थच मुळी ‘ब्रिटिश बुरशी’ असा होतो. नेहमीच्या यीस्टला न पचणाऱ्या शर्करा हे यीस्ट सावकाश, महिनोन्महिने खात बसते. त्यामुळे बिअर उत्तरोत्तर कोरडी होते, तिच्यातला वायू वाढतो, आणि हॉप्सचा वास जसजसा ओसरतो तसतसा वाळल्या गवताचा, जुन्या चामड्याचा वास पुढे येतो. वाचताना हे काही फारसे रुचकर वाटणार नाही, याची मला कल्पना आहे.

यंदा मी एकाच तारखेच्या तीन बाटल्या आणून अंधाऱ्या कपाटात उभ्या ठेवल्या आणि वर्षभरात अंतराअंतराने उघडल्या. पहिली दोन महिन्यांची होती. तिच्यात संत्र्याच्या सालीचा वास आणि ठसठशीत कडूपणा होता, आणि चांगल्या हॉप्सच्या बिअरकडून असते तेवढी अपेक्षा तिने पुरी केली असे म्हणून मी वही मिटली. दुसरी सहा महिन्यांची. बाटली जेमतेम तिरकी केली तोच फेस ग्लासच्या काठाशी आला, म्हणून थांबून थांबून ओतावे लागले. तळाशी बसलेला गाळ ढवळू नये यासाठी शेवटचे दोन घोट बाटलीतच सोडले. केशरी-तांबूस रंगावर पांढराशुभ्र, चिवट फेस होता, आणि प्रत्येक घोटानंतर तो ग्लासच्या आतल्या बाजूला जाळीसारखा चिकटून राहत होता. हॉप्स अजून होते, पण आता ते एकटे नव्हते. सालीच्या वासामागून गवताचा वास येत होता, आणि घोट गिळल्यावर गोडव्याचा मागमूसही न उरता जीभ स्वच्छ होत होती. अल्कोहोल ६.२ टक्के असूनही जडपणा कुठेच जाणवला नाही. तिसरी बाटली अकरा महिन्यांनी उघडली. तिच्यात चामडे आणि आंबूसपणाच वरचढ होता, आणि मला संत्र्याची साल आठवत राहिली. तिच्या बाजूने बोलणारे जाणकार पुष्कळ आहेत. मी त्यांच्यात नाही. माझे मत सहा महिन्यांच्या बाटलीला.

याच्या अगदी उलट स्वभावाची, आणि मी वर्षानुवर्षे उगाचच दुर्लक्षिलेली बिअर म्हणजे सिएरा नेव्हाडा पेल एल. केन ग्रॉसमन यांनी कॅलिफोर्नियातल्या चिको गावी १९८० मध्ये ही बिअर बनवायला घेतली. तिच्यातले कॅस्केड हे हॉप्सचे वाण १९७२ मध्ये लागवडीसाठी उपलब्ध झाले होते. ग्रेपफ्रूटसारखा तो वास आज इतका सर्वपरिचित आहे की ‘त्यात काय विशेष’ असे आपण सहज म्हणून जातो, आणि मीही तसेच म्हणत आलो होतो. यंदा भरून चारच आठवडे झालेला कॅन हाती आला, आणि माझे मत जुन्या, फिरून फिरून थकलेल्या बाटल्यांवरून बनले होते हे कबूल करावे लागले. वास ताजा होता, पण नुसत्या वासावर काम भागवलेले नव्हते. त्याच्याखाली माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, भाजल्या पावासारखा भक्कम आधार होता. नंतर आलेल्या बिअरमध्ये वास दुपटीतिपटीने वाढला, पण हा आधार बऱ्याचदा हरवला.

हॉप्सचा वास त्यांतल्या तेलांचा असतो, आणि प्राणवायू व उष्णता ही त्या तेलांची शत्रू आहेत. हा धडा मी यंदा स्वतःच्या खर्चाने शिकलो. एका लहान ब्रुअरीची गढूळ आयपीए, म्हणजे हॉप्सचा भडिमार केलेली बिअर, कुणीतरी प्रेमाने भेट दिली होती. चांगल्या दिवसासाठी राखून ठेवू म्हणून मी ती फ्रिजमध्ये न ठेवता कपाटात ठेवली, आणि सात महिन्यांनी उघडली. जी बिअर आंब्याच्या रसासारखी पिवळी असायला हवी होती ती मातकट, करडी झाली होती आणि तिला भिजलेल्या पुठ्ठ्याची चव होती. दोष ब्रुअरीचा अजिबात नव्हता. कॅनवर ‘थंड ठेवा, ताजी प्या’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले होते आणि ते मी वाचलेही होते. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुपटीने वाढतो, हा शाळेतला नियम इथेही लागू पडतो, म्हणून कपाटात बिअर फ्रिजपेक्षा कितीतरी लवकर बिघडते.

पिल्सनर उर्क्वेलशी मी यंदा एक खेळ केला. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या प्लझेन शहरात योझेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रुअरने १८४२ मध्ये ही बिअर प्रथम बनवली. तिथले मृदू पाणी, फिकट माल्ट आणि साझ हॉप्स यांच्या मेळातून सोनेरी लागरचा, म्हणजे थंडीत सावकाश आंबवलेल्या बिअरचा, जो नमुना तयार झाला, त्याच्या नकला पुढे जगभर निघाल्या. अजूनही माल्टचा काही भाग तीन वेळा वेगळा काढून उकळतात आणि परत मिसळतात. तिच्या रंगात आणि गोडव्यात जी खोली आहे ती मला तिथूनच आलेली वाटते. मी एकच कॅन दोन ग्लासांत ओतला, एक ग्लास खिडकीतल्या उन्हात ठेवला, दुसरा सावलीत. पंधरा मिनिटांनी उन्हातल्या ग्लासला असा उग्र, गंधकी दर्प आला की तो मोरीत ओतावा लागला. उजेडाने हॉप्समधले कडू घटक तुटतात आणि त्यांतून गंधकयुक्त संयुग बनते. ते अब्जांश भागाहूनही कमी असले तरी नाकाला कळते. तपकिरी काच हा उजेड बराचसा अडवते, हिरवी आणि पारदर्शक काच जवळजवळ नाहीच, कॅनमध्ये तर प्रश्नच उद्भवत नाही. सावलीतला ग्लास मात्र वर्षातल्या सर्वोत्तम पाचांत बसला. हिरव्या बाटलीतली लागर ‘अशीच लागते’ असे मानणाऱ्यांनी हा खेळ एकदा करून पाहावा.

महिन्यांचे नव्हे, मिनिटांचे गणित मला श्लेंकेर्लाने शिकवले. जर्मनीतल्या बाम्बेर्गच्या या ब्रुअरीत माल्ट बीच लाकडाच्या धुरावर वाळवतात. तिच्या मेर्त्सन नावाच्या, ५.१ टक्के अल्कोहोलच्या बिअरचा पहिला घोट म्हणजे नुसता धूर, आणि बरेच लोक तिथेच ग्लास खाली ठेवतात. मीही पूर्वी ठेवला होता. पण नाक कोणत्याही तीव्र वासाला काही मिनिटांत सरावते, आणि अर्धा ग्लास संपेपर्यंत धुराच्या पडद्यामागून माल्टचा गोडवा आणि नेटका कडूपणा दिसू लागतो. याच ब्रुअरीची हेलेस नावाची फिकट बिअरही मिळाली तर चाखावी. तिच्यात धुराचे माल्ट मुळीच नसते, तरीही तीच भांडी आणि तेच यीस्ट वापरल्यामुळे तिला धुराचा पुसटसा स्पर्श होतोच.

पिंपात मुरवलेल्या, बारा-तेरा टक्क्यांच्या स्टाउट या काळ्या बिअरही वर्षभरात काही चाखल्या. चांगल्या होत्या. वहीत त्यांच्यापुढे लिहिण्यासारखे फारसे सुचले नाही.

ग्यूझ या आंबट बेल्जियन बिअरबद्दल मात्र थोडे लिहिलेच पाहिजे. ब्रसेल्समधली कांतियों ही १९०० साली स्थापन झालेली ब्रुअरी धान्याचा उकळलेला रस रात्रभर उथळ, उघड्या हौदात निवू देते, आणि हवेतले व इमारतीतले जंतू व यीस्ट त्याला आंबवतात. हे काम फक्त थंडीच्या महिन्यांत होते. मग अशी आपोआप आंबलेली बिअर, म्हणजे लॅम्बिक, पिंपांत वर्षानुवर्षे राहते, आणि एक, दोन व तीन वर्षांच्या पिंपांतले मिश्रण करून ग्यूझ बनते: जुनीमुळे खोली येते, तर कोवळीत उरलेल्या शर्करेमुळे बाटलीत फेस धरतो. गंमत म्हणजे हे लोक हॉप्ससुद्धा मुद्दाम जुने करून वापरतात, कारण त्यांना वास आणि कडूपणा नको असतो, फक्त टिकाऊपणा हवा असतो. आयपीए बनवणारा ज्या हॉप्सना हात लावणार नाही, त्यांच्यावरच लॅम्बिक उभी राहते. इथे वयाचा हिशेब मिश्रण करणाऱ्यानेच आधी मांडलेला असतो, म्हणून ही एकच बाटली मी तारीख न पाहता घेतो.

तर यंदाचे उत्तर असे: ऑर्व्हाल, सहा महिन्यांची. नाव लिहून घेताना वयही लिहून घ्या, आणि दुकानात बाटली फिरवून तारीख पाहा. नवी निघाली तर घेऊन कपाटात उभी ठेवा. वर्ष उलटलेली असेल तर ती कशी लागली ते मला सांगू नका, त्या बाबतीतला माझा शेरा वहीत आहेच.