पाट्या रंगवता रंगवता : आमची वाटचाल

१९९६ ला बस स्टँडच्या बाजूला टिनाच्या शेडमधे दुकान टाकलं. चार ब्रश, एनॅमलचे डबे, तारपीन अन् उस्तादांनी दिलेली एक शिडी, एवढंच भांडवल. दुकानांचे बोर्ड, ट्रॉलीमागचं लिखाण, इलेक्शनच्या भिंती, घराच्या पाट्या, जे येईल ते केलं. घराच्या पाटीवर तेव्हा फक्त नाव लिहायचो, पत्ता कोणी लिहून घेतच नव्हतं, पोस्टमन घरोघरच्या म्हशीसुद्धा ओळखायचा त्याले पत्त्याचं काय काम.

मग गावाबाहेरची कपाशीची वावरं एनए म्हणजे बिगरशेती झाली, लेआउट पडले, पोरांच्या शिक्षणासाठी खेड्यावरून आलेले लोक, मास्तर, रिटायर झालेले, सगळे तिकडं घरं बांधू लागले अन् पाटीवर 'प्लॉट नं. १७' यायला लागलं. वर्धा जिल्ह्यात सेलू, कारंजा, आष्टी, समुद्रपूर इथल्या ग्रामपंचायतींच्या २०१५ च्या आसपास नगरपंचायती झाल्या, त्यात आमचंही गाव. बोर्डांचं काम बरं मिळालं, एका ऑफिसचं बिल मात्र दोन वर्षं लटकलं, असो.

पाट्या लावायला घरोघर जावं लागते, त्यामुळं गाव कोणाला कसं दिसते ते आयतंच ऐकायला मिळते. लेआउटमधला माणूस म्हणते गाव सुधारलं, रोड झाले, एटीएम आलं. जुन्या मोहल्ल्यातले म्हणतात गाव बिघडलं. मले वाटायचं म्हाताऱ्या माणसाची सवयच असते ती. मग एका काकाजीकडं जुनी पाटी काढून ग्रॅनाइटची लावायला गेलो. ती जुनी पाटी मीच १९९८ ला स्टुलावर उभं राहून रंगवली होती, अन् आता रोडवर उभा राहिलो तर माझ्या छातीशी आली. पाटी होती तिथंच होती, रोडवर रोड चढत गेला अन् घर खाली गेलं. पावसात नालीचं पाणी ओसरीत येते म्हणून त्याईनं उंबरठ्यावर विटांचा बांध घातला होता. "रोड चांगलाच हाय ना बाप्पा, पण पाऊस आला का तो माह्याच घरात येते," म्हणे. तेव्हापासून कोणी गाव बिघडलं म्हटलं की मी आधी त्याचा उंबरठा पाहतो.

मधे फ्लेक्स आलं अन् ब्रशचं काम बसलं. लोन काढून विनाइल कटिंगची मशीन घेतली, पहिल्याच मोठ्या ऑर्डरमधे अक्षरं उलटी कापली गेली, रोल गेला, बायको दोन दिवस बोलली नाही. २०२२ ला दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली तेव्हा मोबाईलवाल्यांचे इंग्रजी बोर्ड आमच्याकडं आले, थोडं सावरलो.

पण लक्षात राहिलं ते वेगळंच काम. डिसेंबर २०२० मधे सरकारनं वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, समता नगर, भीम नगर, क्रांती नगर अशी नावं सुचवली. आमच्याकडंही एका वस्तीचं समता नगर झालं. मी बोर्ड लिहीत होतो तर चौकातला एक जण म्हणे, नाव बदलून काय होते, नाली तर तीच हाय. पटलं मले. मग त्याच वस्तीतल्या एक शिक्षिका ताई दुकानात आल्या, घराच्या पाटीवर त्यांना 'समता नगर' हे स्वतःच्या नावापेक्षा मोठं पाहिजे होतं. म्हटलं ताई, डिझाइन बिघडते. "बिघडू द्या भाऊ, कॉलेजच्या फॉर्मवर जुना पत्ता लिहिताना माझा हात थांबायचा." मोठंच लिहिलं. नाली तीच म्हणणारा तिथं राहतच नव्हता हे मले नंतर सुचलं.

आता पार्सलवाली पोरं पत्ता विचारायला आमच्याच दुकानात येतात. समता नगर म्हटलं की मी सांगतो, सरळ जाय, कडुलिंबापाशी डावीकडं वळ. तो कडुलिंब रोड रुंद करताना तुटला त्याले पाच वर्षं झाली. दहा मिनिटांनी फोन येते, "काका, झाड कुठं आहे?"