अर्ध्याच पट्ट्यात दिसलेला स्फोट

एफआरबी 20180916बी हा क्षणभराचे रेडिओ स्फोट (फास्ट रेडिओ बर्स्ट) पुन्हा पुन्हा करणारा, दूरच्या दीर्घिकेतला स्रोत दर 16.35 दिवसांनी जागा होतो आणि जेमतेम चार-पाच दिवस स्फोट करतो. दुर्बिणीचा वेळ त्या दिवसांत मिळाला तरच उपयोग. पुण्याजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवरून तो उत्तरेला फार तर 43 अंशांपर्यंत वर येतो.

आम्ही तो पाहिला त्या रात्री फ्रिक्वेन्सींचा पट्टा 550 ते 750 मेगाहर्ट्झचा होता. मधल्या चौकातल्या 14 पैकी 12 अँटेना चालू होत्या. कॅलिब्रेटरवर, म्हणजे माहीत असलेल्या स्रोतावर, अँटेनांचे फेज जुळवले आणि मग बी0329+54 हा पल्सार (ठरावीक ठोके देणारा तारा) लावला. त्याचे 0.714 सेकंदांचे ठोके नीट दिसले की यंत्रणा ठाकठीक. वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे खालच्या फ्रिक्वेन्सी उशिरा पोचतात, तो उशीर सांगणारा आकडा म्हणजे डीएम. एफआरबीचा डीएम 349 असल्यामुळे पट्ट्याचे 2048 चॅनेल (तुकडे) ठेवले तर 550 पाशी एकाच चॅनेलमध्ये स्पंद 1.7 मिलिसेकंद फासला जातो. म्हणून 4096 चॅनेल, दर 327.68 मायक्रोसेकंदाला एक नोंद. नमुन्याला दोन बाइट धरले तर एका बीमचा (अँटेनांची बेरीज करून आकाशात रोखलेल्या झोताचा) डेटा तासाला 90 जीबी होतो, डिस्क आधीच मोकळी करून ठेवावी लागते.

मध्यरात्रीनंतर जो सिग्नल सापडला, तो 650 च्या खालीच होता. वरचा अर्धा पट्टा कोरा. असं काही दिसलं की पहिला संशय आरएफआयचाच, म्हणजे जमिनीवरच्या रेडिओ गोंगाटाचा. पण विजेच्या तारांची ठिणगी सगळ्या फ्रिक्वेन्सींवर एकदम उमटते. इथे 550 मेगाहर्ट्झचा भाग 650 च्या मागून 1.36 सेकंदांनी आला होता, डीएम 349 ला यायला हवा तितकाच. दुसरी कसोटी मला जास्त भरवशाची वाटते. त्याच 12 अँटेनांची बेरीज फेज जुळवून केली, की बीमच्या मध्यावरचा स्रोत नुसत्या पॉवरच्या बेरजेपेक्षा सुमारे साडेतीन पट ठळक दिसतो. जमिनीवरचा गोंगाट तसा वाढत नाही. हा वाढला. हा स्रोत अर्धवट पट्ट्यातच चमकतो, हेही ठाऊक होतंच.

उगम मात्र एवढ्यावर ठरत नाही. आमचा बीम दीड कलेचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), त्यात अख्खी दीर्घिका मावते. ती सर्पिल दीर्घिका, सुमारे 50 कोटी प्रकाशवर्षांवरची, 2020 मध्ये युरोपच्या दुर्बिणींच्या जाळ्याने हेरली. 2021 च्या हबल निरीक्षणांत स्रोत जवळच्या ताराजन्मभूमीपासून सुमारे 800 प्रकाशवर्षं लांब निघाला. तिथे जन्मलेला कोवळा मॅग्नेटार (प्रचंड चुंबकीय न्यूट्रॉन तारा) एवढ्या वेळात इतका लांब जाणं कठीण, त्यामुळे जोडताऱ्याची, म्हणजे स्रोत दुसऱ्या ताऱ्यासोबत फिरत असण्याची, कल्पना पुढे आली. युरोपातल्या लोफार या रेडिओ दुर्बिणीवर 150 मेगाहर्ट्झचे स्फोट 600 वाल्यांपेक्षा सुमारे तीन दिवस उशिरा येतात, म्हणून आम्ही नोंदीत चक्रातला टप्पा आणि पट्ट्याची खालची-वरची हद्द आधी लिहिली. तीव्रतेचं गणित 3सी48 या ठाऊक तीव्रतेच्या स्रोतावरून दुसऱ्या दिवशी केलं.