दोन चाकांवरचा उपग्रह

पास सुरू झाला, म्हणजे उपग्रह आमच्या अँटेनाच्या टप्प्यात आला, आणि टेलिमेट्रीच्या, त्याने पाठवलेल्या नोंदींच्या, पहिल्याच ओळींत दिसलं: तो सेफ मोडमध्ये. कॅमेरा बंद, सौरपट्ट्या सूर्याकडे. यान वळवणाऱ्या एका रिअ‍ॅक्शन व्हीलच्या मोटरचा करंट चढत गेला होता आणि वेग मात्र उतरत होता. बेअरिंगमधलं घर्षण. चारपैकी एक चाक आधीच गेलेलं, हे दुसरं.

चाक एका दिशेला वेग घेतं, यान उलट दिशेला वळतं. तीन अक्ष सांभाळायला निदान तीन चाकं लागतात.

बैठकीत नासाच्या केप्लर अंतराळ दुर्बिणीचं नाव निघालंच. तिचंही दुसरं चाक मे २०१३ मध्ये बंद पडलं, तेव्हा सूर्यप्रकाशाचा दाब दोन्ही बाजूंना सारखा पडेल अशा बेताने तिला धरून २०१४ मध्ये के-२ मोहीम सुरू झाली. मला ही अभियांत्रिकी आजही थक्क करते. पण केप्लर सूर्याभोवती फिरत होती आणि आमचा उपग्रह पृथ्वीच्या जवळ, ध्रुवांवरून जाणारा. आमच्या हाताशी होतं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र.

चाकांत साठलेला संवेग उतरवायला यानावर मॅग्नेटिक टॉर्कर होतेच, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला रेटून यान वळवणारे विद्युतचुंबक. तिसरा अक्ष त्यांच्याकडे सोपवायचं ठरलं. अडचण अशी, की टॉर्कर चुंबकरेषेभोवती यान फिरवू शकत नाही. चाकाविना राहिलेला आमचा अक्ष थेट पृथ्वीकडे रोखलेला. ध्रुवांजवळ रेषा जवळजवळ उभ्या, म्हणजे त्याच अक्षाला समांतर; तिथे पकड सुटते. विषुववृत्ताजवळ त्या आडव्या, तिथे भरपूर पकड.

नियंत्रणाचं गणित सुधारण्यावर बराच वाद झाला. मग वेळापत्रक आखणारी सहकारी म्हणाली, "पकड कुठे मिळते तेवढं सांगा. कामं मी तिथे बसवते." खरी पुनर्रचना तिथून सुरू झाली, असं माझं ठाम मत आहे. आधी लक्ष्य ठरायचं, मग यान वळायचं. आता चुंबकीय नकाशा आधी, वळणं विषुववृत्ताच्या पट्ट्यात, ध्रुवांकडे जाताना यान स्थिर करून सोडायचं. यानाच्या सॉफ्टवेअरमधल्या बदलांचा नवा पॅच सिम्युलेटरवर सगळ्या बिघाडांसकट चालवून मगच वर पाठवला.

बर्फाचा अभ्यास करणाऱ्यांचं नुकसान सगळ्यात मोठं होतं, त्यांचं सगळं काम ध्रुवांवरच. तिथे यान हळूहळू फिरत जातं, चित्रं तिरकी येतात. ताऱ्यांवरून यानाची दिशा मोजणाऱ्या स्टार ट्रॅकरच्या नोंदी जोडून ती जमिनीवर सरळ करायची पद्धत त्यांनीच बसवली.